जरा हे धर : उद्योगी घरात नव्याने दाखल झालेल्यांसाठी मार्गदर्शिका

उद्योगी घरात माणूस तीन वाटांनी येतो. जन्माने, लग्नाने आणि शेजाराने. जन्माने येणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं, लग्नाने येणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि शेजारचा सकाळी ‘काकू, कात्री आहे का?’ म्हणत येतो तो संध्याकाळी केसांत खळ घेऊन परत जातो. तिघांची पंचाईत सारखीच. अशा घरात कुणी काही शिकवत नाही; तुम्हाला सगळं येतंच असं धरून चालतात. म्हणून ही पुस्तिका.

‘उद्योगी’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. अशा कुटुंबाला लांबचे लोक ‘कलाकार मंडळी’ म्हणतात. भिंतीला भिंत लागून राहणारे ‘उद्योगी’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि ‘काय उद्योग करून ठेवलाय हा!’ किती, हे आदल्या रात्री त्यांच्या भिंतीपलीकडे किती वाजेपर्यंत ठोकाठोक चालली यावर ठरतं.

प्रस्तुत लेखिकेचा जन्म साताऱ्यातल्या अशाच एका घरात झाला. अण्णा सरकारी कचेरीत कारकून, आई घरी शिवणकाम करायची, शिवाय आजी, दादा, मी आणि धाकटा. चित्रकलेच्या परीक्षेला आमच्यापैकी एकटा दादा बसला होता, आणि पुन्हाही बसला होता. घरात सहा माणसं, म्हणजे बारा हात. ते कधी पुरले नाहीत. का पुरले नाहीत, हे ज्याला कळलं त्याने ही पुस्तिका मिटून ठेवली तरी चालेल.

पाठ १ : घर ओळखावे कसे

घरात शिरल्यावर एखादा डबा उघडून पाहावा. बिस्किटांच्या डब्यात बटणं, बटणांच्या डब्यात स्क्रू आणि स्क्रूच्या डब्यात कुणीतरी लपवलेली बिस्किटं निघाली, तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात.

मग कात्र्या मोजाव्यात. अशा घरात कात्र्या पाच असतात आणि सापडते एक. ती कापडाची असते. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये. हा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण खून आणि चोरी यांच्या मधोमध कुठेतरी त्याचा क्रमांक लागतो. आमच्या आईला स्वयंपाकघरात पोळी लाटताना बाहेरच्या खोलीतल्या कात्रीचा आवाज ऐकून ती कुठली कात्री आणि समोर कापड की कागद, हे कळायचं.

तिसरी खूण लग्नपत्रिकेची. पत्रिका आली की लग्न कुणाचं आहे हे नंतर बघतात, आधी कागद किती जाड आहे ते बोटांत धरून पाहतात. पत्रिकेची मागची बाजू कोरी निघाली तर वधूवरांचं भलं चिंतलं जातं.

रिकामी काडेपेटी, संपलेली रिफील, सायकलच्या व्हॉल्वची नळी, दोऱ्याचं रीळ यांतलं काहीही कचऱ्यात टाकायला जाऊ नये. टाकल्यास रात्री ते परत आणावं लागतं. काडेपेटीतल्या काड्या आणि व्हॉल्वच्या नळीचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन आणि घरं उभी करायला अरविंद गुप्ता यांनी देशभरच्या मुलांना शिकवलं, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत टाकाऊतून खेळणी करणं हेच काम म्हणून वर्षानुवर्षं केलं. ते कळल्यावर आमच्या घराला पहिल्यांदा जाणवलं की आपल्या खोडीला शैक्षणिक मूल्यसुद्धा आहे. त्या आधी आई त्याला ‘पसारा’ म्हणायची. नंतरही पसाराच म्हणायची, पण आवाज जरा खाली आला.

पाठ २ : शब्दार्थ

या घरातली भाषा ऐकायला मराठीच असते. अर्थ वेगळे असतात. पुढचे शब्द पाठ करावेत.

*जरा* : वेळाचं माप. ‘जरा हे धर’ यातला ‘जरा’ म्हणजे पाऊण तास.

*झालंच* : ‘किती वेळ?’ या प्रश्नाचं एकमेव उत्तर. अर्थ : अजून सुरुवात व्हायची आहे.

*असू दे* : ही वस्तू आता वीस वर्षं माळ्यावर राहील.

*माझ्या डोक्यात एक आहे* : आज जेवायला उशीर.

*वेगळं झालंय* : बिघडलं.

*लांबून बघ* : जवळून बघू नकोस.

*रात्री कळणार नाही* : दिवसा कळतंय.

*कुणी हात लावला?* : घरातला सगळ्यात जुना प्रश्न. उत्तर : धाकट्याने. तो शाळेत असेल तर मांजराने.

*बाजारचा वाटतो* : इतर घरांत ही स्तुती आहे. इथे शिवी. लहान मुलांसमोर उच्चारू नये.

पाठ ३ : चढती श्रेणी

नवशिक्याने आपली पायरी ओळखावी. सगळ्यात खाली धरणारा. त्याच्यावर ढवळणारा. मग कापणारा, चिकटवणारा, बांधणारा. सर्वांत वर लांबून बघणारा. बढती सावकाश होते आणि वशिला चालत नाही. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतही मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच जाते. नव्या पोराने आधी माती मळायची. आमच्याकडे मी सहा वर्षं धरण्यात काढली, आणि खळ ढवळण्यावर माझी नेमणूक झाली तेव्हा आजीने हातावर पेढा ठेवला. सातारचाच, कंदी.

धरणं सोपं वाटतं. तसं ते नाही. वस्तू हातात आली की नाक खाजतं, हा निसर्गनियम आहे. अशा वेळी नाक खांद्याला घासावं, हात सोडू नये. ‘दुसरा हात मोकळा आहे का तुझा?’ असं कुणी विचारलं तर खरं सांगू नये. आणि आपण काय धरलं आहे, ते पुढे काय होणार आहे, हे विचारू नये. धरायला सांगणाऱ्यालाही ते माहीत नसतं आणि तसं कबूल करायला त्याला आवडत नाही.

लांबून बघण्याचं काम आजीकडे होतं. ती अंगणाच्या टोकाला जाऊन, डोळे बारीक करून सांगायची, ‘डावीकडे कललंय.’ सरळ केलं की म्हणायची, ‘आता उजवीकडे.’ पुढे तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या हातच्या सगळ्या वस्तू एका आठवड्यात एकदम जास्त वाकड्या झाल्या. आदल्या दहा वर्षांच्यासुद्धा.

पाठ ४ : पहिलं प्रात्यक्षिक, आकाशकंदील

साहित्य : एक सरळ बांबू, दोरा, खळ, पतंगाचा कागद, आणि घरात कुणालातरी आधीपासून आलेला राग.

कृती : बांबू चिरून त्याच्या वीतभर लांबीच्या चोवीस कामट्या काढाव्यात. चार-चार बांधून सहा चौकोन करावेत. त्यांतले चार चौकोन शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा बांधत गोल करावा. वर आलेली चार टोकं पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना, खालची चार सहाव्याच्या. एवढं जमलं तर चौकोनांच्या मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप दिसू लागतात. ते कुणी केलेले नसतात. कंदिलातला तेवढाच भाग आमच्याकडे नेहमी बिनचूक असायचा.

आता हिशेब. सहा चौकोनांचे कोपरे चोवीस, आणि चौकोन एकमेकांना जोडणारे सांधे बारा. एकूण गाठी छत्तीस. आमच्या घराचा कंदिलाशी छत्तीसचा आकडा होता तो असा.

यातली एक गाठ नीट पाहावी. एका हातात हा चौकोन, दुसऱ्या हातात तो चौकोन, कोपरे एकमेकांना टेकवलेले. आणि दोरा? दोऱ्याला तिसरा हात लागतो. देवाने माणसाला हात दिले दोन आणि दोन वस्तू एकत्र बांधायला लागतात तीन. हा हिशेब देवाचा चुकला असेल असं मला वाटत नाही. कुटुंब नावाची गोष्ट बहुधा इथूनच सुरू झाली असावी. ‘जरा हे धर’ हे या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य आहे, ते यामुळे. बारा हात पुरत नाहीत, तेही यामुळेच : प्रत्येक जण आपापल्या दोन हातांत काहीतरी धरून उभा असतो आणि तिसऱ्यासाठी हाक मारत असतो.

वारंवार होणाऱ्या चुका :

अ) *वीत कुणाची, हे न ठरवणे.* एका वर्षी बारा कामट्या अण्णांच्या वितीने कापल्या गेल्या आणि बारा दादाच्या. दादा तेव्हा नववीत होता. सहावा चौकोन काही केल्या पोचेना. शेवटी अण्णांनी तो ओढून बांधला, आणि कंदील जन्मभर समोरच्या अजिंक्यतारा किल्ल्याकडे मान वळवून बघत राहिला. ‘वेगळा झालाय,’ आई म्हणाली. अर्थासाठी पाठ २ पाहावा.

आ) *खळीत मोरचूद घालण्याची वेळ चुकणे.* मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचा. गुठळी झाली तर ढवळणारा जबाबदार. कीड-मुंगी लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी. मोरचुदाच्या आधी खळ चाखणारं मूल उद्योगी घरातलं समजावं. मोरचुदानंतर चाखायला कुणाला जाऊ देऊ नये.

इ) *उत्साह.* सहा चौकोन आणि आठ त्रिकोण मिळून कंदिलाला बाजू चौदा होतात. कागद तेरा बाजूंना लावायचा असतो. एका साली आम्ही चौदाही चिकटवल्या. इतका सुबक कंदील आमच्या हातून त्या आधी झाला नव्हता. लांबून बघायला आजी गेली, परत आली आणि शांतपणे म्हणाली, ‘दिवा कुठनं आत जायचा?’

पाठ ५ : किल्ला

बाकीच्या गावांत मुलं मनातला किल्ला करतात. साताऱ्यात ती सोय नाही. अंगणातून मान वर केली की अजिंक्यतारा समोर. नमुना रात्रंदिवस डोळ्यांपुढे असूनही तो चुकतो कसा, हे या पाठाचं प्रयोजन.

दगड, विटा, वर जुनी पोती, त्यावर लाल मातीचा चिखल. हिरवळीसाठी भिजवलेले आळीव दाबून पेरावेत. तीन-चार दिवसांत किल्ला हिरवा होतो. धाकट्याला पाणी घालण्याचं काम देऊ नये. आम्ही दिलं आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे दक्षिणेकडचा बुरूज महादरवाज्यासह तुळशीवृंदावनाशी येऊन थांबला.

वाद झालाच पाहिजे. वाद न होता उभा राहिलेला किल्ला पावसाशिवाय आलेल्या पिकासारखा संशयास्पद असतो. आमचा मोठा वाद टॉवरचा. अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा टॉवर आहे. दादाचं म्हणणं, महाराजांच्या काळी टॉवर नव्हता. धाकट्याचं म्हणणं, मला रोज दिसतो तो मी करणार. दोघे हमरीतुमरीवर आले. अण्णांनी ऐतिहासिक बाजू मांडली, आईने टॉवरसाठी विणकामाची सुई द्यायची नाही असं जाहीर केलं. शेवटी आजीने निकाल दिला : ‘टॉवर राहू दे. महाराजांची पाठ तिकडं करा.’ असा निकाल पुढे मला कुठल्या कोर्टात ऐकायला मिळाला नाही.

हा किल्ला औरंगजेबाने १७०० साली घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. ताराराणींच्या काळात तो पुन्हा मराठ्यांकडे आला. आमच्या अंगणातला दर दिवाळीत मांजराने घेतला. ते सिंहासनाच्या ऊबदार मातीत झोपायचं आणि मावळे कलंडायचे. तो परत मिळवायला कुणी पुढे झालं नाही, कारण मांजर झोपलेलं असलं की आईची सहानुभूती त्या बाजूला असायची.

भुयार मात्र दोघांनी करायचं असतं. एकाने या अंगाने, दुसऱ्याने त्या अंगाने. उकरत उकरत कोपरापर्यंत हात आत जातो, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग अचानक ओल्या मातीत कुणाची तरी बोटं लागतात. आदल्या दिवसापासून मी आणि दादा टॉवरवरून बोलत नव्हतो. बोटं लागली. मला वाटलं आता दिलजमाई होणार. त्याने चिमटा काढला.

पाठ ६ : हलवा

संक्रांतीच्या हलव्यावर थोडंच लिहिते, कारण त्यात नवशिक्याला काम नसतं. थंडीच्या पहाटे शेगडीच्या मंद आचेवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक, आणि बोटांनी अखंड हलवणं. घाई केली की गोळा होतो. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे दिसतात, मग फुगतात, आणि दिवसांमागून दिवस गेल्यावर कधीतरी त्यांना काटा येतो. नव्या सुनेच्या नाहीतर बोरन्हाण असलेल्या बाळाच्या हलव्याच्या दागिन्यांसाठी हा खटाटोप. आईच्या बोटांची टोकं तेवढे दिवस लाल असायची. मी परात धरायची. काटा आला की ती ओरडायची नाही, फक्त परात माझ्याकडे किंचित कलती करायची, म्हणजे मला दिसावा म्हणून. तिच्याकडून याहून मोठं बक्षीस मिळाल्याचं मला आठवत नाही.

पाठ ७ : घरचा दिवाळी अंक

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर तोंडी लावायला अंक लागतो. उद्योगी घर अंक विकत आणून वाचतं, आणि ‘यात काय एवढं’ म्हणून स्वतःचा काढतं.

आमचा अंक हस्तलिखित. खप एक प्रत. वाचण्यापूर्वी हात धुवावेत, चकली खाताना वाचू नये, अशी सूचना पहिल्या पानावर आणि चकलीचा तेलकट ठसा दुसऱ्या पानावर. संपादकीय अण्णांचं : ‘यंदा काही अपरिहार्य कारणांमुळे अंकास विलंब झाला.’ कारण दरवर्षी एकच असायचं, संपादकीय. जाहिरात आईची : ‘ब्लाऊज वेळेवर मिळतील. दसऱ्यानंतर कापड आणू नये.’ ही जाहिरात घरातल्याच पाच जणांनी वाचायची होती, तरी तिने ती चौकटीत छापल्यासारखी लिहिलेली असायची. पाककृती आजीची, मापांशिवाय. धाकट्याची साहसकथा क्रमशः. वर्षाकाठी एकच अंक निघतो हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचा नायक १९८७ च्या दिवाळीत विहिरीत पडला आणि १९८८ च्या दिवाळीत वर आला. मधल्या वर्षात आत्याने दोन पत्रांतून चौकशी केली, ‘काढलं का रे त्या पोराला?’

अंक शिवताना पानांचा गठ्ठा सरकतो. दाभण आईच्या हातात, दोरा तिच्याच हातात. गठ्ठा कुणी धरायचा, हे वाचकाला आता सांगायला नको.

पाठ ८ : अशी घरं आणखीही आहेत

नवशिक्याला वाटतं की आपल्याच नशिबी हे आलं. तसं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या घरांत चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत त्यांचं संग्रहालय केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा हे जागेच्या बाबतीत उद्योगी घराचं आदर्श उत्तर आहे. यशवंत पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव मुलाच्या, रामदास पाध्यांच्या हातात आला आणि आता नातवाच्याही हातात बोलतो. १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू त्याच घरचा. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या. जिव्या सोमा मशे या पुरुषाने तांदळाच्या पिठाची ती रेघ उचलली, ती जगभर नेली, आणि पुढे त्यांचे मुलगेही रंगवायला बसले.

त्यांची कला पोटाची आणि परंपरेची, आमची सुट्टीतली. बरोबरी करण्याचा विचार नाही. एवढंच वाटतं की बाहुली बोलायला लागण्याआधी कुणीतरी तिचं डोकं वाळेपर्यंत धरून बसलं असणार. त्याचं नाव कुठल्याही पुरस्काराच्या यादीत सापडत नाही.

पाठ ९ : लग्नाने येणाऱ्यांसाठी विशेष सूचना

दिवाळसणाला जावयाला पाट, भोवती रांगोळी, चांदीचं ताट, अंगठी असा मान असतो. आमच्याकडे पाट मांडला होता, पण त्यावर खळीचं पातेलं होतं. माझा नवरा हिशेबनीस माणूस. चौकट घातलेल्या कागदावर वाढलेला. तो दारात उभा, नवा सदरा, हातात मिठाईचा पुडा. अण्णा स्टुलावर, हातात सहावा चौकोन.

‘जावईबापू,’ अण्णा अतिशय अदबीने म्हणाले, ‘आपण एवढं जरा धरता का?’

त्याने धरलं. दहा मिनिटांनी विचारलं, ‘अजून किती वेळ?’ अण्णा म्हणाले, ‘झालंच.’ त्या बिचाऱ्याने ही पुस्तिका वाचलेली नव्हती.

अर्ध्या तासाने अण्णांचा स्वर बदलत गेला. ‘जावईबापू, थोडं वर घ्या’ वरून ‘वर घ्या हो’ वर आले, तिथून ‘वर, वर!’ वर. नवऱ्याने तेवढ्यात नाक खाजवलं आणि सगळा डोलारा खाली आला. ‘अरे, धर ना नीट!’ अण्णा ओरडले. घर चिडीचूप. आईने पदर तोंडाशी नेला. जावयाला अरे म्हटल्याचं अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा स्टुलावरून उतरायलाही जागा नव्हती. नवरा खाली वाकला, चौकोन उचलला, पुन्हा वर धरला आणि म्हणाला, ‘धरलाय. बांधा तुम्ही.’

अंगठी त्याला पाडव्याला मिळाली. ती कुठे आहे, त्याला सांगता येत नाही. ‘अरे’ मात्र अण्णांनी पुन्हा कधी परत घेतलं नाही.

पाठ १० : देखभाल आणि विल्हेवाट

कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवावा. नंतर कागद काढून सांगाडा माळ्यावर; पुढच्या वर्षी नवा कागद. माळ्यावरची कुठलीच वस्तू मरत नाही, फक्त तिच्यावर दुसरी येते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्या माळ्यावर गणपतीची तीन मखरं, एक मोर आणि अर्धा ताजमहाल निघाला. ताजमहालाचा दुसरा अर्धा कुणी करायचा होता यावर त्या दिवशी पुन्हा भांडण झालं.

शंकासमाधान

*माझ्या हातात कला नाही. मी या घरात कसा टिकू?*
हात आहेत ना? धरा.

*घरचे माझ्या कामाचं कौतुक करत नाहीत.*
‘बरं झालंय’ हे शब्द कानावर आले तर तारीख लिहून ठेवावी. नुसतं ‘हं’ म्हणाले तरी समाधान मानावं. कुणी काहीच न बोलता वस्तू दारात टांगली, तर त्याहून वर काही नाही.

*हे सगळं विकत मिळतं. मग?*
पाठ २ मधला शेवटचा शब्द पाहावा.

पाठ ११ : एकट्याने करणे

हा पाठ पुस्तिकेत घालावा की नाही, यावर मी बराच विचार केला. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी एकटी होते. नवरा परगावी, मुलगी शिकायला बाहेर. बांबू आणला, चोवीस कामट्या काढल्या. यावेळी पट्टीने मोजून. सहा चौकोन जमले. मग दोन कोपरे टेकवले आणि नेहमीप्रमाणे तोंडातून निघालं, ‘जरा हे...’ पुढचा शब्द कुणाला म्हणायचा ते कळेना.

गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांचे चिमटे होते. ते आणले. चिमटा कमालीचा धरतो. हलत नाही, किती वेळ विचारत नाही, त्याचं नाक खाजत नाही. बारा सांध्यांना बारा चिमटे लावले आणि तासाभरात कंदील बांधून झाला. तेरा बाजूंना कागद. टांगला. लांबून बघायला मी स्वतःच दारापर्यंत गेले. डावीकडे कललेला नव्हता. उजवीकडेही नव्हता. आयुष्यातला पहिला सरळ कंदील.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अण्णांनी अंगठा पाठवला. धाकट्याने फुलं पाठवली. दादाने बऱ्याच वेळाने विचारलं, ‘कुठून आणलास?’

म्हणून शेवटची सूचना. चिमटे काढून दोरीवर परत लावावेत. वरची चार टोकं सोडवावीत. मग दार उघडून जिन्यात यावं. आमच्या खालच्या मजल्यावर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा राहतो, तो नेहमी जिन्यातच खेळत असतो. त्याला हाक मारली. तो आला, चप्पल काढली, त्याच्या हातात मी पाचवा चौकोन दिला आणि म्हटलं, जरा हे धर.

त्याने धरला. वाकडाच.

‘काकू, किती वेळ?’

‘झालंच,’ मी म्हटलं, आणि दोऱ्याचं टोक शोधायला लागले.